मोहफुलांची नोंद

ग्रामसेविका म्हणून कामाला लागले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि कुत्र्यांपासून साहेबांपर्यंत मला सगळ्यांची भीती वाटायची. महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष होत आलं होतं. विकास गटाने मला मुकुटबनच्या पलीकडे, जंगलाला लागून असलेल्या एका गोंड वस्तीवर पाठवलं. मुकुटबनपर्यंत बस होती, पुढे बैलगाडी. गाडीत माझी पत्र्याची ट्रंक, दूध पावडरचा मोठा डबा, मुलं तोलायचा काटा, भाजीच्या बियांच्या पुड्या आणि कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा होता. फॉर्म वाऱ्याने उडू नयेत म्हणून मी वाटभर त्यांच्यावर बसून राहिले.

निघायच्या आधी मुख्य सेविकाबाईंनी ऑफिसात बोलावून घेतलं होतं. कडक इस्त्रीचं पांढरं पातळ, चष्मा, आणि बोलताना समोरच्याच्या कपाळाकडे बघायची सवय. त्या म्हणाल्या, "बालवाडी, दूध, परसबाग हे तर करायचंच आहे. पण एक लक्षात ठेवा. दारूबंदीचा कायदा आता आपल्या भागातही लागू आहे. तुम्ही सरकारच्या माणूस. हातभट्टी दिसली आणि गप्प बसलात, तर उद्या जबाब तुम्हाला द्यावा लागेल."

मी मान हलवली. आमच्या घरात पगाराची नोकरी लागलेली मी पहिली. वडील पुसदला जिनिंगमध्ये मजूर होते. आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा मी आठवीत होते. शाळेतल्या कारकुनाने वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "फॉर्मवर जुनीच जात लिहा, फी माफ होईल. नाहीतर पोरीचं अवघड होईल." वडील घरी येऊन म्हणाले, "जे आहो थेच लिव." त्या वर्षी ते दोन-दोन पाळ्या करत होते. कागदावर खरं लिहायचं, हे मला तेव्हापासून लागलेलं.

वस्तीत तीसेक घरं होती. मी एका विधवा बाईच्या पडवीत राहायला गेले. वय चाळिशीच्या आसपास, मूलबाळ नाही, थोडी कोरडवाहू जमीन, दोन बकऱ्या. शेजारीच तिच्या दिराचं घर. मी तिला मावशी म्हणायला लागले. तिने माझी जात विचारली नाही. पहिल्याच दिवशी माझं ताट तिच्या ताटाशेजारी मांडलं आणि म्हणाली, "बाई, आमचं खानं तुमाले जमते का नाही, मालूम नाही. पन उपाशी नोका राहू."

दुधाला लोक भीत होते. पावडर हाडांची असते, ती प्यायली की पोरांचे पाय वाकतात, असं कोणीतरी बाजारातून ऐकून आलं होतं. म्हणून रोज सकाळी हंड्यात पाणी तापवून पावडर घोटली की पहिला पेला मी सगळ्यांसमोर प्यायची. मला ते दूध मुळीच आवडत नसे, मळमळायचं. पण चेहरा हसरा ठेवून पेला रिकामा करायची आणि उलटा धरून दाखवायची. महिन्याभरात रिकाम्या गोठ्यात भरणाऱ्या माझ्या बालवाडीत पंधरा-वीस मुलं यायला लागली. नाल्यापलीकडे दहा-बारा घरांची दुसरी वस्ती होती. तिकडे मी आठवड्यातून दोनदा काटा घेऊन जायची.

फाल्गुन सरता सरता मोह गळायला लागला. पहाटे सगळं गाव टोपल्या घेऊन झाडांखाली. मीही मावशीबरोबर गेले. फुलं मऊ, पिवळसर, बोटांना चिकटणारी. वास इतका गोड की थोड्या वेळाने डोकं जड व्हायचं. उन्हात वाळवून ती तपकिरी झाली की मावशी मातीने लिंपलेल्या कणगीत भरून ठेवायची. ज्वारी संपली की याच फुलांवर दिवस काढायचे. ती भाजून जवसाबरोबर उखळात कुटायची, नाहीतर उकडून त्यात मूठभर कण्या टाकायची. मला पहिल्यांदा ते फार गोड लागलं, दुसऱ्यांदा बरं लागलं, आणि नंतर मी मागून खायला लागले.

नव्या कायद्यात मोहफुलांचंही काहीतरी होतं. ठरावीक वजनापेक्षा जास्त फुलं घरात ठेवायची तर परवाना लागतो, असं म्हणत. पण ते वजन किती, हे कोणालाच धड ठाऊक नव्हतं. तलाठी एक सांगायचा, कोतवाल दुसरं, आणि मुकुटबनच्या बाजारात तिसरंच ऐकू यायचं. मावशीला विचारलं तर ती म्हणाली, "झाड का वजन करून फुलं टाकते?"

गावात कोणी दारू गाळतच नव्हतं, असं मी म्हणणार नाही. लग्नाला, देवाला, मयताला ती लागायची. नाल्याच्या वरच्या अंगाला कधी कधी बारीक धूर दिसायचा. मी तिकडे बघत नसे. बघितलं असतं तर सांगावं लागलं असतं, आणि सांगितलं असतं तर गावात राहता आलं नसतं. पाणी आणायला जातानासुद्धा मी मान खाली घालून, पायवाटेवरचे दगड बघत जायची.

त्याच दिवसांत गटाकडून निरोप आला, आहार पाहणीचे फॉर्म भरून पाठवा. घरात माणसं किती, मुख्य अन्न कोणतं, ते किती महिने पुरतं, नंतर काय खाता, धान्य साठवायची सोय काय. मी दोन्ही वस्त्यांत घरोघर फिरले. बाया मोकळेपणाने सांगायच्या. आपण काय खातो हे विचारायला सरकारने माणूस पाठवलं, याची त्यांना गंमत वाटायची. नाल्यापलीकडच्या एका तरुण बाईने मला कणगीचं झाकण काढून आत हात घालायला लावला. "पाहा बाई, किती भरली." तिचं चार महिन्यांचं मूल मी त्याच दिवशी तोललं होतं. मी लिहिलं, मोहफुलं, अडीच महिने, कणगी एक, भरलेली. अक्षर माझं चांगलं होतं. जवळजवळ प्रत्येक घराच्या रकान्यात 'मोहफुलं' लिहून मी गठ्ठा बांधला आणि कोतवालाच्या हाती तालुक्याला पाठवून दिला.

त्यानंतर दोन आठवडेही झाले नसतील. सकाळचे दहा वाजले असावेत. मी मुलांना दूध वाटत होते आणि जीपचा आवाज आला. आमच्याकडे जीप म्हणजे एकतर बीडीओ साहेब, नाहीतर दारू पकडणारे आबकारीवाले. मुलं दूध टाकून पळाली. जीप आमच्या गावात शिरली नाही, नाल्याकडे वळली. थोड्या वेळाने पलीकडून बायांचा आरडाओरडा ऐकू आला, मग धूर. मावशी ओट्यावर उभी राहून बघत होती. मी तिच्यामागे. जायची माझी हिंमत झाली नाही.

दुपारपर्यंत सगळं कळलं. तीन माणसांना धरून नेलं होतं. घराघरांतली मोहफुलं मधल्या जागेत ओतून त्यावर रॉकेल टाकून पेटवली होती. नेलेल्यांपैकी एक त्या तरुण बाईचा नवरा. तिच्या कणगीशेजारी त्यांना एक मडकं आणि बांबूची नळी सापडली होती. ती बाई मूल कडेवर घेऊन नाला ओलांडून आमच्या गावात आली आणि मधल्या चिंचेखाली उभी राहून ओरडायला लागली.

"ह्याच बाईनं लिवून नेलं! काय खाता, किती खाता, कुठं ठेवता, सारं इचारलं. माह्याच हातानं मीनं दाखवलं व! मीनंच झाकन काहाडलं!"

मी पडवीत होते. बाहेर जाऊन सांगावं की ते आहारासाठी होतं, मुलांच्या दुधासाठी होतं. पण मी बाहेर गेले नाही. कारण तिचं म्हणणं खोटं आहे हे मलाच माहीत नव्हतं. फॉर्म ऑफिसात गेले होते. ऑफिस सरकारचं. आबकारीही सरकारची. एका टेबलावरचा कागद दुसऱ्या टेबलावर जायला किती वेळ लागतो? आणि त्याच गठ्ठ्यात आमच्या गावची तीस घरं होती. मावशीचं घर चौथं.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखं दूध केलं. कोणी आलं नाही. पहिला पेला प्यायले, उलटा धरला, समोर रिकामा गोठा. तिसऱ्या दिवशीही तेच. हंड्यातलं दूध बकऱ्यांना घालावं लागलं. विहिरीवर गेले की बाया बादल्या उचलून बाजूला व्हायच्या. कोणी शिवी दिली नाही, कोणी दगड मारला नाही. तसं काही केलं असतं तर बरं झालं असतं असं वाटायचं. माणसं गप्प झाली की ती काय करणार आहेत हे कळत नाही. पायवाटेने जाताना मागे कोणाची पावलं वाजली तर मी बाजूला थांबून त्यांना पुढे जाऊ द्यायची. लांब कुठे ट्रकचा आवाज आला तरी मी उठून कणगीकडे बघायची.

चौथ्या दिवशी मावशीचा दीर आला. मी आत होते, तो ओट्यावर बोलत होता, मला ऐकू जावं असंच.

"वहिनी, हिले काहाड घराबाहीर. हिच्या पायी सारं गाव जेलात जाईन."

मावशी म्हणाली, "हिनं काय केलं?"

"थे हिलेच इचार."

तो गेल्यावर मावशी आत आली आणि सुपातल्या कण्या निवडायला बसली. तिने मला काही विचारलं नाही. मी तिच्यासमोर बसले. म्हटलं, "मावशी, मी लिहिलं होतं."

"काय लिवलं?"

"सगळ्यांचं. कोण काय खातं. त्यांचं, आणि आपल्या गावचंही. तुमचंही."

तिचा हात थांबला. "माह्या घराचं काय लिवलं?"

"मोहफुलं, दोन महिने. कणगी एक."

तिने कण्यांतला एक खडा वेचून बाहेर टाकला. मला वाटलं, आता ती उठेल आणि माझी ट्रंक अंगणात ठेवेल. ठेवली असती तर बस गाठायला मुकुटबनपर्यंत चालत जावं लागलं असतं, आणि पायवाट नाल्यापलीकडच्या वस्तीतून होती.

"खरंच तं लिवलं," ती म्हणाली. "पन कायले लिवलं? सरकार खाऊ घालनार हाये का?"

"माहीत नाही मावशी."

"मालूम नाही तं लिवलं काहून?"

मी रडायला लागले. तिने मला जवळ घेतलं नाही. सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "रडून का होते? जा, थो कागद घेऊन ये."

सकाळी मी निघाले. दीर वाटेत उभा होता, त्याने बाजू दिली नाही. मी वळसा घालून, बाभळीच्या कुंपणातून गेले. लुगडं फाटलं. नाल्यापलीकडच्या वस्तीत मधोमध जळलेल्या फुलांचा काळा डाग होता आणि त्यातून अजून गोड, करपलेला वास येत होता. मी जवळजवळ धावतच ती घरं ओलांडली. बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं की कागद परत घ्यायचा म्हणजे नक्की काय करायचं, हे मी ठरवलेलंच नाही. सरकारी कागद मागायला काय कारण सांगायचं? आणि तो आबकारीच्या ऑफिसात गेला असेल तर?

गटाच्या ऑफिसात मुख्य सेविकाबाई दौऱ्यावर होत्या. हे कळताच मला हायसं वाटलं. कारकून म्हातारा, सतत खोकणारा. मी म्हटलं, "आहार पाहणीत माझ्याकडून एक चूक झाली आहे. दुरुस्त करायची आहे."

"कोणती पाहणी?" तो म्हणाला. मग कपाटाकडे बोट दाखवलं. "पाहा तिथं. सगळ्या सेविकांचे गठ्ठे तिथंच पडले आहेत. कोणी पाहते का त्याइले."

माझा गठ्ठा खालच्या फळीवर होता. मी बांधलेली सुतळी तशीच होती. गाठही माझीच, दुहेरी, शिक्षणकेंद्रात शिकवलेली. वर धुळीचा थर. कोणी तो उघडलाच नव्हता. छाप्याला माझा कागद कारण नव्हता. निदान हा कागद नव्हता.

तिथेच थांबून गठ्ठा परत ठेवला असता तर पुढचं टळलं असतं. पण आज उघडला नाही म्हणजे उद्या उघडणार नाही असं थोडंच होतं. कारकून चहाला गेला. मी बाकावर बसून सुतळी सोडली आणि आमच्या गावच्या फॉर्मांवरचं 'मोहफुलं' एकेक करून खोडत गेले. वर लिहिलं, रानभाजी. साठवणीच्या रकान्यात 'कणगी' खोडून 'नाही' लिहिलं. तीस घरं. हात इतका घामेजला होता की शाई दोनदा फिसकटली. नाल्यापलीकडच्यांचे फॉर्म मी तसेच ठेवले. तिथे आता लपवायला काही उरलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी कागदावर खोटं लिहिलं, आणि वडिलांचा चेहरा डोळ्यांसमोर येऊ नये म्हणून भराभर लिहिलं. कारकून परत आला तेव्हा गठ्ठा जागेवर होता.

"झाली दुरुस्ती?"

"हो," मी म्हटलं.

गावी येऊन मावशीला सांगितलं की कागद कोणी पाहिला नव्हता आणि आता त्यात काही नाही. तिने दिराला सांगितलं. दिराने गावाला सांगितलं असावं. दोन दिवसांनी चार मुलं आली, मग सात. बाकीच्यांच्या आया लांबून बघत होत्या. मीही सावध झाले होते. मुलांना नावं विचारतानासुद्धा वही हातात धरत नसे.

आणि मग जीप आली. आमच्याच गावात, सरळ चिंचेखाली. उन्हं चढलेली, माणसं बहुतेक रानात. एक साहेब, दोन शिपाई. साहेब तरुण होता, खाकी कपड्यांवर लाल माती, चेहरा दमलेला. शिपाई घरांत शिरले. साहेब थेट माझ्याकडे आला, कारण वस्तीत चपला घातलेली मी एकटीच होते.

"तुम्ही ग्रामसेविका?"

"हो साहेब."

"इथे कोण गाळतं?"

"मला माहीत नाही."

"राहता इथंच, आणि माहीत नाही?"

मुख्य सेविकाबाईंचं वाक्य आठवलं, जबाब तुम्हाला द्यावा लागेल. समोर ओट्याओट्यावर बाया उभ्या होत्या. सगळ्यांचे डोळे माझ्या तोंडाकडे. मी काय बोलते ते त्यांना ऐकू जात नव्हतं, फक्त ओठ हलताना दिसत होते. मला वाटलं, मी नुसतं तोंड उघडलं तरी त्या म्हणतील, सांगितलं हिने.

तेवढ्यात एका शिपायाने मावशीच्या घरातून हाक मारली, "साहेब, इथं भरलेली कणगी हाये."

आम्ही आत गेलो. मावशी कणगीला पाठ लावून उभी होती. तिचे हात मागे, कणगीच्या मातीवर टेकलेले. साहेबाने झाकण काढलं, मूठभर फुलं वास घेऊन परत टाकली.

"एवढी कशाला?"

"खाले," मावशी म्हणाली.

"सगळे खायलाच म्हणतात."

"तं खातोच न साहेब. ज्वारी सरली का हेच खातो."

साहेब माझ्याकडे वळला. "खरं आहे हे?"

"हो साहेब. मी स्वतः खाते यांच्या घरी."

"तोंडी नका सांगू. तुमच्या ऑफिसात तशी काही नोंद आहे का? हे लोक फुलं खातात, इतके महिने खातात, असं कुठे लिहिलेलं? असेल तर सांगा. खाण्यापुरती असतील तर मी हात लावत नाही. मलाही वर कागद दाखवावा लागतो."

मला आठवतं, त्या क्षणी मला त्या खोलीतला मोहाचा वास सहन झाला नाही. नोंद होती. माझ्या हातची, चांगल्या अक्षरातली, घर क्रमांक चार. मीच ती चार दिवसांपूर्वी खोडली होती. जो कागद या घराचा घात करेल म्हणून मी भ्याले, तोच या घराच्या उपयोगाचा होता. आणि नाल्यापलीकडच्या त्या बाईच्या घरची नोंद तर तेव्हाही कपाटात पडलेली होती. छाप्याच्या दिवशी ती कोणी काढून दाखवली असती, तर निदान बाकीच्या घरांची फुलं वाचली असती कदाचित.

"आहे का?" त्याने पुन्हा विचारलं.

"आत्ता लिहून देते," मी म्हटलं.

बालवाडीच्या वहीचं पान फाडून मी कणगीवरच ठेवून लिहिलं. या वस्तीतील लोक ज्वारी संपल्यावर दोन ते अडीच महिने मोहफुलांवर काढतात, ती सर्व घरांतून अन्न म्हणून साठवली जातात, मी स्वतः खाल्ली आहेत. खाली सही, हुद्दा, गाव. लिहिताना मनात एकच चालू होतं. ऑफिसात माझ्याच सहीचा कागद आहे, त्यावर रानभाजी लिहिलेलं आहे. दोन्ही कागद एका टेबलावर आले की माझी नोकरी गेली. कदाचित नोकरीपेक्षा जास्तच जाईल.

साहेबाने पान वाचलं, घडी करून खिशात ठेवलं. शिपायांनी नाल्याच्या वरच्या अंगाला दोन मडकी सापडली ती फोडली. कोणाची म्हणून विचारलं, कोणी बोललं नाही. जीप निघून गेली. एकाही घरातली फुलं गेली नाहीत.

मावशी खाली बसली. "काय लिवून देल्लं?" तिने विचारलं.

मी सांगितलं. आणि ऑफिसात काय खोडलं होतं तेही या वेळी नीट सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे तूच लिवलं, तूच पुसलं, तूच परत लिवलं." मग पहिल्यांदाच मला बाई न म्हणता म्हणाली, "पोरी, तुले लय भेव वाटते का व?"

"हो," मी म्हटलं.

"मलेबी," ती म्हणाली आणि कणगीचं झाकण लावायला उठली.

पुढचे दोन महिने मी टपालाच्या प्रत्येक लिफाफ्याला घाबरत होते. पावसाळ्याच्या तोंडावर मुख्य सेविकाबाई स्वतःच आल्या. बैलगाडीतून उतरल्या त्या काखेत माझा गठ्ठा घेऊनच. ओट्यावर बसून त्यांनी एक फॉर्म काढला आणि खोडलेल्या जागेवर बोट ठेवलं.

"ही खाडाखोड तुमची?"

"हो."

"तीसच्या तीस घरांत? एका शाईने, एका दिवशी?"

मला खोटं सुचलं नाही. मी सगळं सांगितलं, आबकारीच्या साहेबाला दिलेल्या कागदासकट. त्या ऐकताना या वेळी माझ्या कपाळाकडे नाही, डोळ्यांकडे बघत होत्या. मी बोलायचं थांबले तेव्हा त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. मला वाटलं, आता निलंबनाचा कागद काढतील.

"मोहफुलं खाणाऱ्या वस्त्यांना पावसाळ्यात जादा दूध आणि ज्वारी द्यायची असं वर चाललंय," त्या म्हणाल्या. "तुमच्या गावात तर मोहफुलं कोणी खातच नाही. रानभाजीवर खुशाल आहेत सगळे." त्यांनी कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा माझ्यासमोर ठेवला. "हे फाडून टाका. पुन्हा भरा. परवा कोतवालाबरोबर पाठवा. आणि याबद्दल मला पुन्हा काही सांगू नका."

त्यांची बैलगाडी वळणाआड गेल्यावर मी कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा आत नेला.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा घरोघर फिरले. या वेळी आधी विचारलं, हे लिहून सरकारकडे जाणार आहे, लिहू का? काही जणी लिव म्हणाल्या. काही जणींनी नवऱ्याला विचारून सांगते म्हटलं. दोघींनी नको म्हणून मान हलवली, त्यांचं मी लिहिलं नाही. मावशीच्या दिराने सगळा फॉर्म वाचून दाखवायला लावला, दोनदा, आणि मग म्हणाला, "लिव. पन कनगी नोको लिवू." मी कणगी लिहिली नाही. मावशी म्हणाली, "माह्या घरी सारं लिव."

पावसाळ्यात ज्वारी आली, सांगितली होती त्यापेक्षा कमी आणि उशिरा. पण आली. ज्या दोघींनी नको म्हटलं होतं त्यांना ती मिळाली नाही. मावशीने आपल्यातली त्यांना दिली.

नाल्यापलीकडच्या तिघांना दिवाळीच्या आधी सोडलं. छाप्याची खबर कोणी दिली होती ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्या तरुण बाईकडे मी नवे फॉर्म घेऊन गेले होते. तिने मला दारातून आत येऊ दिलं नाही. मी बाहेरूनच सांगितलं की माझा कागद कोणी उघडला नव्हता, मी स्वतः गाठ पाहिली आहे. तिने ऐकून घेतलं. "असंन," ती म्हणाली. तिच्या कडेवरचं मूल अंगाने लहान राहिलं होतं, त्याला तोलू दे म्हणून मी काटा पुढे केला. तिने मूल दुसऱ्या बाजूला घेतलं आणि दार ओढून घेतलं. मी तीन वर्षं त्या भागात होते. तिचं मूल मला पुन्हा कधी तोलता आलं नाही.